भरून घेतलेल्या खाणीवर गाजरगवत कमरेएवढं. पाऊस थोडा, माणसं चार. सुरुवात कुठून करू?

खडकावरची_माती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहितोय, पण अर्धं सांगितलं तर सल्लाही अर्धाच मिळेल.

साडेसात एकरांचा तुकडा आहे. त्यातून वीसेक वर्षं मुरूम आणि दगड निघाला. काम बंद झाल्यावर खड्डा तिथल्याच टाकाऊ दगडांनी भरला, वर मुरमाचा थर, त्यावर साधारण फूटभर माती. निम्मी माती खाण उघडताना बाजूला काढून ठेवलेल्या ढिगातली, निम्मी एका तलावाच्या गाळाची. उताराला आडवे समतल चर काढले आणि चरांच्या भरावावर कडुलिंब, बोर, खैर, हिवर, आपटा अशी ६०० रोपं लावली. पाऊस वर्षाला ४५० ते ५०० मिलिमीटर. तोही दहा-बारा दांडग्या सरींत उरकतो. मधले तीन-तीन आठवडे ढग नुसते बघून जातात.

पहिल्या वर्षी वाटलं, ही जमीन मेलेली आहे, थोडा जीव येऊ दे. म्हणून युरिया आणि डीएपी विस्कटलं, वरून शेणखताच्या ट्रॉल्या. खत आणून देणारा म्हणाला होता, चांगलं कुजलेलं आहे. कुजलेलं नव्हतं, हे पुढच्या पावसाने सांगितलं. दुसऱ्या वर्षी गाजरगवत कमरेएवढं. रोपं शोधायला काठी घेऊन फिरावं लागतं. खालच्या अंगाला जुनी वेडी बाभूळ होती, ती गुडघ्याच्या उंचीवर तोडली. एका बुंध्याचे आता आठ झालेत. गाळाची माती पडली तिथे लव्हाळा. आणि थंडीत सगळं वाळलं की मोकळ्या जागेत पिवळा धोत्रा डोकं काढतो.

आतापर्यंतचे उपद्व्याप लपवत नाही. गाजरगवत पांढऱ्या फुलावर आल्यावर उपटलं, बांधाच्या कडेला ढीग लावले. माझ्यासह दोघांच्या मानेवर आणि पापण्यांवर पुरळ उठलं, ते तीन आठवडे गेलं नाही. पुढच्या पावसात ढिगांच्या जागी गालिचा. मग कुणीतरी मिठाचं पाणी सांगितलं. एका तुकड्यावर चांगलं दाट करून मारलं. गाजरगवत चोवीस तासांत माना टाकून मेलं, मी खूश. वर्ष झालं, त्या तुकड्यावर आता गाजरगवतही येत नाही आणि दुसरंही काही येत नाही.

माणसं आम्ही चार, तीही रोज नाही. तर: तणनाशक मारावं का, आणि मारायचं तर केव्हा? बाभळीचं काय? लव्हाळ्याचं काय? की सगळं एकदा नांगरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करू?

सरळमार्गी

ग्लायफोसेट. दोन हात मारा. विषय संपला.

माळावरची

विषय संपत नाही हो, तीन आठवड्यांनी पुन्हा सुरू होतो. त्यावर पुढे येते.

दादा, आधी एक करा: नांगराला हात लावू नका. मी चौदा वर्षं अशाच भरावाच्या जमिनींवर गवत उभं करतेय आणि सगळ्यात जास्त नुकसान 'एकदा उलथून टाकू' या वाक्याने झालेलं पाहिलंय. गाजरगवताचं एक मोठं झाड १५ ते २५ हजार बी टाकतं. वर पडलेलं बी एक तर उगवतं, नाहीतर ऊन-पावसात बऱ्यापैकी मरतं. तेच मातीत खोल गाडलं की वर्षानुवर्षं टिकतं. तुम्ही नांगरता, तेव्हा या वर्षीचं बी तिजोरीत ठेवता आणि मागच्या वर्षांचं वर काढता. शिवाय फूटभर माती आहे तुमच्याकडे, खाली मुरूम. ती एका सरीत चरांत जाऊन बसली तर पुढे बोलायलाच काही उरणार नाही.

आता तुमच्याच लिहिण्यातली एक गोष्ट तुम्हाला दाखवते. पाऊस दहा-बारा सरींत पडतो म्हणालात ना? मग तुमचं तण वर्षभर उगवत नाही, ते दहा-बारा वेळा उगवतं. गाजरगवताच्या बियांना फारशी झोप नसते. ओल मिळाली की उठतात. प्रत्येक मोठ्या सरीनंतर एक लाट येते, आणि उगवल्यापासून चार ते सहा आठवड्यांत ती लाट फुलावर येते. म्हणजे तुमच्या हातात प्रत्येक सरीमागे तीन-साडेतीन आठवडे आहेत. पावसाळ्याच्या शेवटी एकदा सगळं साफ करणारा माणूस सगळ्या लाटा फुलू देतो, मग रान साफ झालं म्हणून समाधानाने झोपतो.

एक साधं पर्जन्यमापक लावा आणि वही करा. २० मिलिमीटरच्या वर पडला की तारीख लिहा. त्या तारखेपासून पंधराव्या ते अठराव्या दिवसात एक फेरी. तेव्हा रोप वीतभर असतं, फूल नसतं, आणि जमिनीत थोडी ओल शिल्लक असली तर मुळासकट हातात येतं. वाफसा असताना चार माणसं सकाळभरात जे करतात ते कोरड्या जमिनीत दोन दिवसांत होत नाही; वर बुडखा तुटतो आणि पुन्हा फुटतो. या टप्प्यावर उपटलेलं तण रोपांच्या आळ्यांत आच्छादन म्हणून टाका, ते बी देऊ शकत नाही. कळी दिसली की मात्र आच्छादन बंद. फुललेलं उपटून टाकलं तरी मरता मरता त्यातलं काही बी पिकतं. तुमच्या ढिगांचं तेच झालं.

हातमोजे, पूर्ण बाह्या, मानेला कापड, घरी येऊन लगेच अंघोळ आणि कपडे वेगळे. ज्या दोघांना पुरळ उठलं त्यांना पुन्हा त्या कामाला लावू नका. ही ॲलर्जी सवयीने कमी होत नाही, वाढत जाते. तुम्हीही त्या दोघांत आहात, म्हणून तुमच्याकडे वही.

साडेसात एकर दर फेरीला फिरणं जमणार नाही, हे माहीत आहे. फिरायचं नसतंच. कोरड्या मुलखात तण पाण्यामागे जातं. चरांच्या तळाला, पाणी आत शिरतं त्या कोपऱ्याला, गाड्या वळतात तिथे, आणि खताची ट्रॉली रिकामी झाली होती त्या जागेला पाहा. मी पैज लावते की तुमचं दोन तृतीयांश गाजरगवत या चार जागी आहे. चरांची सफाई वरून खाली करा. वरच्या चरात बी पडलं की पुढची सर ते खालच्या चरांत वाहून नेते, त्यामुळे खालून सुरुवात करणारा माणूस तेच काम दोनदा करतो.

आणि दाट जागेपासून सुरुवात करायची नाही. इथे सगळ्यांचं मन बंड करतं. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ ब्रॅडली नावाच्या दोघी बहिणींनी १९६०च्या दशकात झुडपी रान वाचवताना हाच नियम पाळला: जिथे मूळची झाडं चांगली आहेत तिथून सुरू करायचं, माती कमीत कमी हलवायची, आणि देशी झाडोरा जागा भरेल त्या वेगानेच पुढे सरकायचं. आधी अर्धवट चांगला तुकडा पूर्ण चांगला होतो, त्याची कड पुढे जाते. दाट तुकड्यात तुम्ही चौघं महिना घालवाल, तिथे उघडी माती तयार कराल, आणि दरम्यान चांगला तुकडा हातचा जाईल. दाट जागेत या वर्षी एवढंच: कळी दिसताच विळ्याने कापत राहा. कापल्यावर ते खालून आडवं फुटतं आणि बुटकं राहून फुलतं, त्यामुळे एका कापणीवर विसंबू नका. पण बी कमी पडतं, सध्या तेवढं पुरे.

आता खत. हे वाचून मी कपाळाला हात लावला, पण तुम्ही एकटे नाही, जवळजवळ सगळे करतात. वर्षायू तणं नत्राची अधाशी असतात. मोकळं नत्र दिसलं की पहिल्या आठवड्यात ओढून घेतात आणि उंच होतात. आपली बहुवर्षायू गवतं गरीब जमिनीत वाढायला शिकलेली. सावकाश, आधी मुळं मग पाला. भुकेल्या जमिनीत ती टिकतात, पोटभर जमिनीत शर्यत हरतात. तुम्ही युरिया टाकून शर्यतीचा निकालच लावून टाकलात. आता खत पूर्ण बंद. शेणखत फक्त रोपाच्या आळ्यात, तेही हात घातल्यावर गरम लागणार नाही इतकं कुजलेलं. जिथे गाजरगवत फार माजलंय तिथे लाकडाचा भुसा किंवा बारीक काटक्यांचा चुरा मातीच्या वरच्या थरात मिसळा. तो कुजवताना जंतू मोकळं नत्र आपल्याकडे ओढतात, तणाची थाळी काही काळ रिकामी राहते. झाडाच्या बुंध्याशी भुसा मिसळू नका, रोप पिवळं पडेल.

आणि शेवटी ज्याच्यासाठी हे सगळं: गवत. तुम्ही ६०० झाडं लावलीत आणि मधली सगळी जमीन नागडी ठेवलीत. खैर-हिवराची सावली पडायला वर्षं लागतील, तोवर त्या जमिनीवर कुणीतरी राहणारच. पवना, मारवेल, डोंगरी, अंजन यांतलं तुमच्या आसपासच्या माळावर जे आपोआप टिकलंय ते घ्या. कुसळी नको म्हणत नाही, पण शेळ्या-मेंढ्या येत असतील तर तिची कुसळं त्यांच्या तोंडात आणि लोकरीत जातात. ताज्या कापणीचं बी लगेच उगवत नाही, ते झोपेत असतं. मागच्या वर्षीचं घ्या. हेक्टरी ५-६ किलो. नुसतं फेकलं तर निम्मं वारा नेतो, निम्मं मुंग्या. चिकणमाती आणि शेणाच्या कालव्यात घोळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा, पहिल्या सरीच्या तोंडावर चराच्या समांतर ओळींत टाका. खोल पुरू नका. बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जास्त माती वर आली तर उगवत नाही.

तुमच्या पावसात माझा जास्त भरवसा ठोंबांवर आहे. जुन्या गवताचं बूड फोडून दोन-तीन फुटव्यांचं एक ठोंब, मुळाला माती धरून, दुसऱ्या चांगल्या सरीनंतर वाफशावर लावायचं, हातभर अंतरावर. पहिल्या वर्षी काही दिसत नाही. लोक येऊन विचारतात, काय लावलंय? दुसऱ्या पावसात विचारत नाहीत.

खडकावरची_माती

ताई, दोनदा वाचलं. ट्रॉली रिकामी झाली त्या जागेबद्दल पैज जिंकलात, आत्ताच बघून आलो.

तणनाशकाचं तुम्ही 'पुढे येते' म्हणालात आणि आलाच नाहीत. आणि गाजरगवत खाणारा तो मेक्सिकन भुंगा आणून सोडला तर? गाजरगवत दाबायला तरोटा पेरा, असंही लोक सांगतात.

माळावरची

तणनाशकाचं कोरडवाहू काका सांगतील, त्यांचा हात बसलाय त्यात. मी भुंग्याचं सांगते. जायगोग्रामा बायकलरेटा त्याचं नाव, मेक्सिकोतून आणून भारतात १९८४ मध्ये सोडलेला. पिवळसर अंगावर काळपट वळणदार पट्टे, शेंगदाण्याच्या अर्ध्या दाण्याएवढा. पानं खाऊन झाडाच्या काड्या करतो, खोटं नाही. पण त्याला दमट हवा लागते. कोरड्या महिन्यांत तो जमिनीत जाऊन पडून राहतो, चांगला पाऊस झाल्यावर वर येतो, मग अंडी, अळ्या. तोवर तुमची पहिली लाट फुलून गेलेली असते. दिसला तर त्या तुकड्यावर फवारणी टाळा, त्याचं काम करू द्या. त्याच्या भरवशावर फेरी चुकवू नका.

तरोटा चालतो. गाजरगवताला दाबतो, बी गोळा करायला सोपं. पण तोही वर्षायू आहे. पावसानंतर वाळतो, जमीन पुन्हा उघडी पडते आणि तुमचा पिवळा धोत्रा नेमका त्या फटीतून येतो. वर्ष-दोन वर्षांची डागडुजी म्हणून वापरा, गवताच्या ठोंबांमधल्या पट्ट्यात. तरोट्यासारखीच दिसणारी, झुपक्याने येणारी परदेशी कॅसिया दिसली तर तिचं बी आणू नका. ती गाजरगवत हटवते आणि स्वतः बसते.

कोरडवाहू

काका म्हणालात, आता लिहावंच लागेल.

मी फवारणीच्या विरोधात नाही. वीस वर्षं पंप पाठीवर वागवलाय. पण कोरड्या मुलखात तणनाशक वाया जाण्याच्या तऱ्हा फार, त्या सांगतो.

ग्लायफोसेट पानातून आत जातं आणि रसाबरोबर मुळापर्यंत पोचतं. झाड वाढीत असेल तरच रस फिरतो. पाऊस ओढला, पानं मलूल झाली, की ते औषध पानावरच बसून राहतं. लोक उन्हाळ्यात मारतात, पान करपलं की खूश होतात, मूळ खाली हसत असतं. दुसरं, ग्लायफोसेट मातीला चिकटून निकामी होतं. तुमच्याकडे मुरमाचा रस्ता आहे, पानांवर धूळ असणार. आणि पंपात चरातलं गढूळ पाणी भरलंत तर औषध पंपातच मेलं म्हणून समजा. पाणी स्वच्छ हवं, फार क्षारी नको, आणि पानं धुऊन काढणारी एखादी सर होऊन दोन-चार दिवस झालेले हवेत. तिसरं, ते हिरवं दिसेल ते सगळं मारतं. ताईंचं गवतही मारेल. मग उघडी जमीन, मग पुन्हा गाजरगवत. 'दोन हात मारा' म्हणणाऱ्या आपल्या मित्राला हे तिसऱ्या वर्षी कळतं.

टू-फोर-डी हे दुसरं तणनाशक रुंद पानाच्या तणाला मारतं, गवताला सोडतं. म्हणून गवत बसल्यानंतर, मधे उरलेल्या कोवळ्या गाजरगवतावर ते कामाचं. पण तुमचा कडुलिंब, आपटा, बोर ही सगळी रुंद पानाचीच. वारा असताना मारलं तर रोपं वेडीवाकडी होतात, आणि शेजारी कापूस, द्राक्ष किंवा टोमॅटो असेल तर भांडण नक्की. ऊन चढल्यावर त्याची वाफही उडते. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, नोझलवर टोपी लावून, जमिनीलगत. तुमच्या भागात कोणतं औषध कुणी वापरायचं याचे नियम असतील ते आधी बघा आणि लेबलवरचं प्रमाण पाळा. दाट करून मारलं तर जास्त मरतं, हा गैरसमज आहे. जास्त प्रमाणात पान लवकर जळतं आणि औषध खाली उतरायच्या आत वाट बंद होते.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या वर्षी फक्त रस्त्याच्या कडा आणि ट्रॉलीची ती जागा फवारली असती. बाकी सगळं हाताने.

मिठाबद्दल: १५-२० टक्क्यांचं मिठाचं पाणी गाजरगवत मारतं हे खरंच आहे, आणि रस्त्याकडेला कुणी मारलं तर मी भांडणार नाही. पण कमी पावसाच्या मातीतून मीठ धुऊन खाली जायला पाणीच नसतं. ते तिथेच राहतं. तुमच्या नशिबाने खाली मुरूम आहे, निचरा होईल. त्या तुकड्याला हातभर उंचीचा बांध घाला, पडेल तेवढं पावसाचं पाणी आत कोंडा आणि मुरू द्या. माती चिकट होऊन पाणी वर तरंगायला लागलं तर आधी जिप्सम, मग पाणी.

शेळ्यांमागे

बाभळीवर कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. वेडी बाभूळ कुऱ्हाडीने तोडणं म्हणजे तिची छाटणी करणं. फुटवे येतात ते जमिनीच्या जरा खाली असलेल्या गड्ड्यातून. बुंध्याभोवती वीत-दीडवीत खाली उकरा, गड्डा पूर्ण दिसला पाहिजे, त्याच्या खालून मूळ तोडा आणि गड्डा बाहेर काढा. त्याखालचं मूळ फुटत नाही. एका झाडाला अर्धा दिवस जातो, पण परत त्या झाडाकडे जावं लागत नाही. आठ-आठ फुटव्यांची झालीत त्यांची आधी सगळी फांदोरी काढा, नाहीतर काटे अंगात. काटे उचलल्याशिवाय ट्रॅक्टर आत नेऊ नका, टायर जातात.

घाणेरी असेल तर तिलाही हेच. दिल्ली विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ती पद्धत नीट मांडली आहे: फुटव्याच्या भागाच्या खाली मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे मातीला टेकून पुन्हा रुजत नाही.

आणि आता माझ्यासारख्या शेळीवाल्यांविरुद्ध बोलते. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, जनावरं मिटक्या मारत खातात. बी पोटातून जातं, कठीण साल मऊ होते आणि लेंडी-शेणाच्या खतासकट नवीन जागी पेरलं जातं. गाई-बैल तर याबाबतीत शेळीच्या वर. शेंगा पडायच्या हंगामात बाभळीखाली चरलेलं जनावर आठवडाभर तुमच्या जमिनीवर येऊ देऊ नका. शेजाऱ्याशी गोडीत बोला. पहिल्या वर्षाचं रोप ओल्या जमिनीत हाताने निघतं, दुसऱ्या वर्षी कुदळ लागते.

खडकावरची_माती

ताई, तुम्ही माझ्याच शेजारी तर नाही ना? शेळ्या येतात, आणि त्याच महिन्यांत येतात.

लव्हाळ्याचं राहिलं. गाळाच्या पट्ट्यात, साधारण पाऊण एकर.

कोरडवाहू

लव्हाळा कुणालाच पूर्ण संपवता आलेला नाही, तेव्हा मन मोठं करा. खाली गाठींची माळ असते. खुरपलं की माळ तुटते आणि प्रत्येक गाठ मोकळी होऊन स्वतंत्र उगवते. पावसाळ्यात त्याला मुळीच खुरपू नका.

त्याच्या दोन कमजोऱ्या. एक, गाठ उघड्यावर वाळली की मरते. तुमचा पट्टा सपाट असेल तर, आणि फक्त तेवढाच, ऐन उन्हाळ्यात जमीन पूर्ण कोरडी असताना ढेकळं उलटी करून ठेवा. एक उलटणी, पंधरा दिवस ऊन, पुन्हा उलटणी. नांगराला ताईंनी बंदी घातलीय ती उताराला आणि बीवाल्या तणाला आहे, ही वेगळी केस. दोन, त्याला सावली सोसत नाही. उलटणीनंतरच्या पावसात तिथे दाट, उंच गवत किंवा ताग लावा. पारदर्शक प्लास्टिक अंथरून जमीन तापवायची पद्धत छोट्या रोपवाटिकेला ठीक; माती ओली करून कडक उन्हात चार ते सहा आठवडे झाकावं लागतं, आणि लव्हाळ्याची टोकदार पात प्लास्टिकला भोक पाडून वर आलेलीही मी पाहिली आहे.

माळावरची

केस मान्य आहे, काका.

दादा, राहिलंच: जे यंत्र दुसरीकडून येईल त्याचं बकेट आणि टायर फाटकाबाहेर धुऊन, खरवडून मगच आत. आच्छादनाला वाळलेलं गवत आणाल तर त्यात काय फुललं होतं ते बघून. आणि मातीचा ढीग कुठे उरला असेल तर तो झाका. उघडा ढीग म्हणजे रोपवाटिका, फक्त तुम्हाला नको त्या रोपांची.

खडकावरची_माती (चौदा महिन्यांनंतर)

मंडळी, धागा वर काढतोय. जे झालं ते सांगतो, आणि एक अडचण.

वही ठेवली. मागच्या पावसाळ्यात २० मिलिमीटरच्या वरच्या नऊ सरी झाल्या, सात फेऱ्या केल्या. दोन चुकल्या, त्यातली एक चांगलीच महागात गेली: तीस दिवसांनी गेलो तर तिसऱ्या आणि चौथ्या चरात फुलं. पण वरचे दोन चर या वर्षी इतके स्वच्छ आहेत की चौघांऐवजी दोघंच जातात आणि दुपारच्या आत परततात.

गवताच्या गोळ्यांचं निम्मं वाया गेलं. पेरल्यावर पहिली सर आठ मिलिमीटरची झाली, बी फुगलं, आणि पुढे सोळा दिवस काही नाही. ठोंबं मात्र धरली. पवन्याची ४०० लावली होती, मोजली तर ३१०. यंदा त्यांच्यामधे मी गाजरगवत शोधत होतो आणि सापडेना, तेव्हा ताईंचं 'दुसऱ्या पावसात विचारत नाहीत' आठवलं. विचारायला कुणी आलंही नाही म्हणा.

बाभळीची बावीस खोडं काढली, दोन फुटली. उकरून पाहिलं तर त्या दोन्हींत गड्ड्याचा तुकडा आत राहिला होता. घाई माझीच. लव्हाळा आहे तसाच आहे, जरा विरळ. कोरडवाहू काकांनी मन मोठं करायला सांगितलं होतं, ते चालू आहे.

अडचण अशी: मिठाच्या तुकड्याला बांध घातला, दोन पावसाळ्यांचं पाणी मुरवलं. आता तिथे पहिल्यांदा काहीतरी उगवलंय आणि ती हरळी आहे. काढू की ठेवू?

माळावरची

ठेवा! हरळी बरंच मीठ सोसते. पिकात ती शत्रू असेल, तुमच्या मिठाच्या तुकड्यावर ती आलेली पहिली पाहुणी आहे. माती धरील, तिच्या मुळांवाटे पाणी आत जाईल. पुढच्या वर्षी तिच्यात मारवेलची चार ठोंबं लावून बघा. फक्त ती आळ्यांत शिरू देऊ नका.

तिसऱ्या-चौथ्या चराला यंदा पहिली फेरी. तीस दिवसांचं बी आहे तिथे.

खडकावरची_माती

परवा रात्री ४५ मिलिमीटर झाला. तारीख लिहिली आहे. सोळाव्या दिवशी तिसऱ्या चरात असू, मी वही घेऊन बांधावर.